शून्य कुठं धरायचं

फॉर्मवर 'अनुभव' या रकान्यात दीड इंच जागा.
मी लिहिलं: रिंगफ्रेम, बावीस वर्षं.
विद्यापीठाच्या कारकुनानं विचारलं,
रिंगफ्रेम म्हणजे चष्म्याची का?
मागं भूपाल चौगुले उभा होता, तो हसला.
मग मीही.

कुपवाडला, बंद पडलेल्या बिस्किटांच्या गोदामात
हे केंद्र.
दुपारी पत्रा तापला की कूलंटच्या वासात
व्हॅनिलाचा वास मिसळतो अजून.
आम्ही एकोणीसजण.
पाच गिरणीचे. सुरेखा लवटे द्राक्षांच्या पॅकहाउसमधली.
हणमंत ऐनापुरे, ज्याचं अर्धं आयुष्य
टेलिफोनच्या खांबांवर गेलं
आणि आता खांबच गेले.

शिकवायला नदाफ मॅडम. वय चोवीस,
माझ्या थोरलीपेक्षा दोन वर्षांनी लहान.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"मशीनला काही माहीत नसतं.
जॉब कुठं बांधलाय हेसुद्धा नाही.
आधी तिला शून्य दाखवायचं:
इथं, या कोपऱ्यात.
मग बाकी सगळं तिथनं मोजायचं."

मी लिहून घेतलं. वही धाकट्याची,
पुढच्या पानांवर त्याचा भूगोल.

घरी मी शून्य धरलं होतं
गेटवर नोटीस लागली तो मंगळवार.
तिथून सगळं उणे.
उणे विम्याचा हप्ता.
उणे गॅस एजन्सीतली सिलिंडरं, उणे कंबर.
उणे मेव्हण्याच्या हळदीच्या वखारीतली राखण,
रात्रभर पोत्यांना टेकून बसायचं
आणि पहाटे पिवळा होऊन घरी यायचं.
बायको दारातच म्हणायची,
या नवरदेव.
तेही मी उणेच धरलं होतं.
ते चुकलं.

बोटं लवकर ऐकत नाहीत.
चालत्या चातीवर तुटला धागा जोडताना
त्यांना विचाराची सवय लागली नाही.
इथं नुसता विचार, आणि शेवटी एक बटण.
एकदा दहा लिहिलं, पुढं टिंब दिलं नाही.
टूल जागचं हललंच नाही, असं मला वाटलं.
हललं होतं. दहा मायक्रॉन.
केसाहून कमी.
"काका, टिंब," मॅडम म्हणाल्या.
तेव्हापासून मी टिंबकाका.

परवा बोअरिंग चालू असताना
आवाज बदलला.
चाती बिघडायच्या आधी अशीच बारीक कुरकुरायची,
शेकडो चात्यांतली नेमकी ती एक.
मी लाल बटण दाबलं.
मॅडम पळत आल्या, चिडल्या;
स्क्रीनवर काहीच चूक नव्हती.
टूल काढलं. इन्सर्टचा टवका उडालेला,
तिळाएवढा.
त्यांनी डबीतून नवा काढून लावला, स्क्रू आवळला,
आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या,
"आवाज कसा होता, सांगा परत."
सांगता येईना. तोंडानं काढून दाखवला.
अख्खा वर्ग हसला.
मॅडमनी मात्र वहीत काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं असेल?
त्या आवाजाला अक्षर कुठलं?

प्रमाणपत्र मिळणार आहे, शिक्क्यासकट.
नोकरीचं कुणी लिहून देत नाही,
आम्हीही विचारायचं सोडलंय.
भूपाल चार दिवस आला नाही.
फोनवर म्हणाला, टेंपोवर हाय,
रोजचे सहाशे सुटत्यात,
तुझं शून्य तू धर गड्या.

साडेपाचला जी अठ्ठावीस मारतो.
टूल घरी जातं, सरळ, कुणाला न विचारता.
मग मी सायकल काढतो.
भूपालसाठी रोज एक पान सोडतो वहीत:
वर तारीख,
आकड्यांची जागा कोरी,
आणि त्याच्या हातनंही राहील म्हणून
आधीच देऊन ठेवलेलं
टिंब.